खात्यातले साहेब

माझं हिंदी वाईट आहे. आमच्या घरात हे आता कुणाला सांगावं लागत नाही. रेडिओवर हिंदी बातम्या लागल्या तरी धाकटी मुलगी माझ्याकडे बघून हसते. पण त्या काळी माझी अशी समजूत होती, की मराठी वाक्याच्या शेवटी ‘है’ लावलं की हिंदी होतं, आणि तेच मोठ्यानं म्हटलं की चांगलं हिंदी होतं. या समजुतीच्या जोरावर मी उल्हासनगरच्या बाजारात, दहा माणसांच्या देखत, आमच्या घरमालकांची ओळख करून दिली : “ये साहब तीस साल खाते में है!”

मला म्हणायचं होतं, की हे गृहस्थ तीस वर्षं अबकारी खात्यात होते. समोरच्या बाईंनी ऐकलं, की हे साहेब तीस वर्षं खातायत. आणि सरकारी साहेब खातात म्हणजे काय खातात, हे त्या बाजारात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढचा घोळ सांगायचा तर आधी साहेब सांगायला हवेत.

मी तेव्हा अंबरनाथच्या एका कारखान्यात कारकून होतो. नुकतंच लग्न झालेलं. पश्चिमेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, साहेबांच्या घराच्या तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या होत्या. साहेब वर राहत, एकटे. पहिल्याच दिवशी किल्ली हातात देताना ते म्हणाले, “हे घर माझ्या सासऱ्यांचं. मी बांधलेलं नाही.” मी म्हटलं, “बरं.” तर चिडलेच. “बरं काय? अबकारीतून निवृत्त झालेल्या माणसाचं दुमजली घर बघून तुमच्या मनात काही आलं नाही?” खरोखरच काही आलं नव्हतं. पण तेव्हापासून कायमचं आलं.

त्यांची नोकरी जिभेची होती. ठेकेदाराच्या दारूत पाणी किती, ताडीत गुंगीचं औषध घातलंय का, हे तपासायचं. खात्यानं त्यासाठी आकडे कोरलेली काचेची नळी दिली होती. साहेब नळी खिशात ठेवत आणि जीभ बाहेर काढत. खिशात एक चांदीची पळी, रुमालात गुंडाळलेली. पळीभर घ्यायचं, डोळे मिटायचे, तोंडात फिरवायचं, थुंकायचं, चूळ भरायची आणि मग निकाल सांगायचा. हा क्रम तीस वर्षांत मोडला नाही. एक थेंब पोटात गेला नाही. “जीभ सरकारची, पोट माझं,” असं ते म्हणत. आणि त्याच्याच पुढचं : “गिळलं की मिंधा झालास. मिंध्याचं मत कुत्रंसुद्धा हुंगणार नाही.”

खात्यातले बाकीचे गिळत होते, आणि नुसती दारूच गिळत नव्हते. साहेबांनी एका ठेकेदाराविरुद्ध खरा रिपोर्ट लिहिला म्हणून त्यांची बदली झाली. दुसऱ्या गावी गेल्यावर तिथल्या ठेकेदाराविरुद्ध लिहिला. अशा बदल्या खात खात त्यांनी अर्धा इलाखा पाहिला. हे ते सांगायला लागले की त्यांच्या मानेवरची शीर ताठ व्हायची आणि मलाही चीड यायची. आजही येते. प्रामाणिक माणसाला दर दोन वर्षांनी बिऱ्हाड हलवायला लावायचं, आणि ज्यांनी पोटं भरली त्यांना निरोपसमारंभात चांदीची काठी!

मग दारूबंदी आली. साहेब तेव्हा निवृत्त झालेले होते. त्यांना काय आनंद व्हायला हवा होता! झाला उलटा संताप. “तीस वर्षं सरकारनं या जिभेला पगार दिला. आता हिनं काही ओळखलं तर हीच गुन्हेगार?” त्यांनी खात्याला पत्र लिहिलं, की चोरटी दारू कुठल्या भट्टीची, ती गुळाची की मोहाची, हे मी फुकट सांगायला तयार आहे. उत्तर आलं, की आता प्रयोगशाळा आहेत. ते पत्र त्यांनी फाडलं नाही. जेवणाच्या पाटासमोर भिंतीला खिळ्यानं ठोकून ठेवलं होतं.

रिकामी झालेली जीभ मग आमच्यावर चालू झाली. विहिरीचं पाणी तोंडात धरून ते सांगत, की रहाट ओढताना कुणाची तरी बादली तळाला लागली. दर रविवारी भाडेकरूंच्या स्वयंपाकघरात फेरी. आमच्याकडे आले की पळी पुढे करायचे, “सूनबाई, आमटी.” ती घालायची. डोळे मिटायचे, तोंडात फिरवायचे, आणि सरळ आमच्या मोरीत जाऊन थुंकायचे! चूळ भरून, तोंड पुसून मग निकाल : “चिंच गेल्या वर्षीची. गूळ नवा. मिठाचा हात बरोबर.” आणि जिना चढून वर.

पहिल्या रविवारी बायको माझ्याकडे बघतच राहिली. “माझी आमटी थुंकली त्यांनी. माझ्या मोरीत!”

मी म्हटलं, “अगं, ती त्यांची पद्धत आहे.”

“पद्धत? घरी आलेला माणूस घास थुंकतो आणि तुम्ही पाण्याचा तांब्या हातात देता?”

दिला होता खरा. तिला सगळ्यात जास्त राग कशाचा होता, तर चिंच खरंच गेल्या वर्षीची होती.

तर असा हा माणूस एका रविवारी, थंडीचे दिवस, पहाटे दारावर काठी आपटून म्हणाला, “अहो कारकून, उठा! कोट घाला. आज तुम्हाला चव म्हणजे काय ते दाखवतो. आधी बदलापूरची शिंदी, मग कॅम्पातले सिंधी.”

आतून बायकोचा आवाज आला, “शिंदी प्यायला चाललात? दारूबंदीत?”

“नीरा, सूनबाई, नीरा!” साहेब ओरडले. “उन्हाच्या आधी ती नीरा असते. शिंदी व्हायला तिला दुपार लागते. तेवढ्यात आम्ही परत येऊ.”

बदलापूरला उतरून आम्ही गावाबाहेर गेलो तेव्हा दव पडलेलं होतं. शिंदीच्या झाडांखाली परवान्याची पाटी लावून एक म्हातारा मडकी मांडून बसला होता. मी थंडगार नीरेचे दोन पेले गटागटा प्यायलो आणि ‘वा’ म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी लाच घेतली होती. “गिळलंत? मग तुमचं मत संपलं. आता बोलू नका.” आणि पळी काढली. डोळे मिटले. झाडाच्या मुळाशी थुंकले. चूळ भरली.

म्हातारा उठून उभा राहिला. “का वो साहेब, थुकलाव का? आमची नीरा का कडू हाय?”

“नीरा चांगली आहे. पाणी वाईट आहे. कुठल्या विहिरीचं घातलंस?”

“पानी? देवाशप्पत न्हाय घातला!”

“शेवाळाचा वास येतोय.”

“शेवाल?” म्हातारा भडकला. “देवलाच्या विहिरीला शेवाल न्हायच! निवल पानी हाय तिचा!”

मला हसू आलं. साहेबांना आलं नाही. परत येताना वाटभर ते धुमसत होते. “परवाना आहे. पाटी आहे. सरकारी शिक्का आहे. आणि आत पाणी! प्रयोगशाळा काय करतायत? अहो, मी नोकरीत असतो तर…” ते वाक्य त्यांनी कधी पुरं केलं नाही. नोकरीत असते तर काय झालं असतं ते त्यांनाही माहीत होतं : बदली.

अंबरनाथला परतून आम्ही टांगा केला आणि कॅम्पात गेलो. लष्कराच्या बराकी सोडून गोरे गेले आणि त्यांत सिंधमधून आलेली माणसं भरली, त्याला तेव्हा तीन-चार वर्षंच झाली होती. नाव उल्हासनगर झालं तरी आम्ही कॅम्पच म्हणायचो. रविवारचा बाजार भरला होता. एका बराकीच्या व्हरांड्याखाली एक जण मोठ्या कढईत पकवान तळत होता, पुरीसारखे पण कडक, वर घट्ट डाळ ओतून द्यायचा. त्याच्या शेजारी पांढऱ्या ओढणीतल्या एक बाई पनीर घेऊन बसल्या होत्या. वेताच्या वाटीएवढ्या टोपल्या, प्रत्येकीत एक पांढराशुभ्र गोळा, टोपलीचे वळ अंगावर उमटलेला, खाली परातीत त्याचंच पाणी. चार-पाच बायका घेण्यासाठी थांबल्या होत्या. त्या बाईंना सगळे अमां म्हणत होते.

इथे मी बोललो.

आपल्या माणसाला जरा मान मिळावा, टोपली जरा मोठी मिळावी, एवढाच माझा हेतू होता. “अमां, अच्छा वाला देना. ये साहब तीस साल खाते में है!”

बाई दचकल्या. “खाते हैं?”

“हां, हां! तीस साल! बडा साहब!”

साहेब तेव्हा रुमालातून पळी सोडवण्यात गुंतले होते. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, सगळ्यात भरलेली टोपली पानात गुंडाळली आणि हळूच साहेबांच्या पिशवीत सरकवली. मी ते पाहिलं. आणि मला वाटलं, किती अगत्यशील लोक!

साहेबांनी पळीवर पनीरचा तुकडा घेतला. डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले. भुवया वर गेल्या, मान डोलली. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग ते वळले, गटाराशी गेले आणि थुंकले.

आता, थुंकणं आणि निकाल यांच्यामध्ये चूळ असते. तेवढ्या वेळात बाजारानं निकाल लावून टाकला.

“इन्स्पेक्टर ने थूक दिया!” पकवानवाला ओरडला.

ज्या बाईच्या हातात टोपली होती तिनं ती परत परातीत ठेवली. तिच्या मागची सरकली. तिसरी म्हणाली, “अमां, कल लेंगे.” पण ते पनीर उद्यापर्यंत राहणारं नव्हतं, हे मलासुद्धा दिसत होतं. सात-आठ टोपल्या परातीत तशाच.

अमांना वाटलं, आपलं देणं कमी पडलं. त्यांनी आणखी एक टोपली उचलली आणि साहेबांच्या पिशवीत घालायला गेल्या. साहेबांनी पिशवीत पाहिलं. आत पहिली होती.

“हे कुणी घातलं?”

“आपके लिए, साईं,” अमां हात जोडून म्हणाल्या. “मैं अकेली औरत हूं. सब साहब लोग खाते हैं. आप भी खाओ.”

साहेबांचा चेहरा मी विसरणार नाही. मानेवरची शीर तर उभी राहिलीच, पण ओठ लहान मुलासारखे थरथरले. ज्या आरोपापासून वाचायला माणसानं आयुष्यभर थुंकत काढलं, तो आरोप हात जोडून समोर उभा! “मी खातो? मी?” आणि गर्दीला कळावं म्हणून त्यांनी त्यांच्या हिंदीत गर्जना केली, “हम खाता नहीं! हम ये कभी नहीं खाएगा!”

“देखा!” पकवानवाला म्हणाला. “साहब बोलता है, ये खाने का नहीं है.”

मग मी मदतीला धावलो. मी गर्दीला समजावलं, “साहब को पनीर बहुत अच्छा लगा, इसलिए थूका!”

सगळे हसले. एकट्या अमां हसल्या नाहीत. त्यांचे जोडलेले हात सुटले होते.

“हंसो,” त्या म्हणाल्या. “अच्छा लगा तो थूका! हमारे सिंध में अच्छी चीज़ को कोई थूकता नहीं, साईं. मैंने घर छोड़ा, खेत छोड़ा, मेरी भैंसें छोड़ीं. एक थैली नहीं छोड़ी. ये देखो!” आणि कमरेची एक मळकी कापडी पिशवी त्यांनी सोडून साहेबांच्या नाकासमोर धरली. आत सुकलेली, बोरापेक्षा बारीक, तपकिरी फळं होती. मूठभर. “पनीर-डोडी. इसी से दूध जमता है. यहां ये झाड़ नहीं होता. ये खतम, मेरा पनीर खतम. और तुम नाली में थूकता है?”

साहेबांचा राग कुठल्या कुठे गेला. डोळे फळांवर खिळले. “तरीच,” ते मला मराठीत म्हणाले, “लिंबू नव्हतं. दही नव्हतं. शेवटी जिभेच्या टोकाला एक बारीक कडवटपणा येत होता, मला ओळखता येईना. तीस वर्षांत प्रथमच ओळखता आलं नाही, कारकून!” त्यांनी एक फळ उचललं, वास घेतला, आणि मोजून ठेवल्यासारखं परत पिशवीत ठेवलं.

मग त्यांनी परातीकडे पाहिलं. पांगलेल्या बायकांकडे पाहिलं. गटाराकडे पाहिलं. निकाल त्यांच्याकडे तयार होता, पण तो ऐकायला कुणी थांबलेलं नव्हतं, आणि ज्याच्याकडून भाषांतर करून घ्यावं तो माणूस मी होतो.

त्यांनी पळी पुसली, रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली. पकवानवाल्याचा एक रिकामा डबा उलटा घालून त्यावर बसले. पिशवीतली टोपली काढली, दोन्ही हातांत धरली आणि हातानं पनीरचा मोठा तुकडा तोडून तोंडात घातला.

आता हे तुम्हाला काहीच वाटणार नाही. माणसं दिवसातून दोनदा गिळतात. साहेबही घरी स्वतःच्या हातचं गिळतच असणार. पण कामावर, बाहेर, दुसऱ्याच्या हातचं, लोकांच्या देखत! त्यांच्या घशाला ते जमेना. चावून झालं तरी तोंड मिटलेलंच. नजर सवयीनं गटाराकडे गेली, आणि त्यांनी ती ओढून परत अमांकडे आणली. डोळ्यांत पाणी आलं. मग घसा हलला. मला तो आवाज ऐकू आला.

“मैं खाया,” साहेब म्हणाले.

आणि दुसरा तुकडा तोडला. अख्खी टोपली संपेपर्यंत ते उठले नाहीत. मग दुसरी मागितली. “बहुत अच्छा,” ते म्हणाले. “फर्स्ट क्लास.” उठताना दोन्ही टोपल्यांचे पैसे पुढे केले. अमां नको नको म्हणत होत्या, तर दरडावले, “पैसा नहीं लेगी तो सच में थूकेगा!” तेव्हा कुठे त्या हसल्या. टोपली परत ठेवणारी पहिली बाई पुढे आली. मग दुसरी. ‘कल लेंगे’वाली आजच घेऊन गेली. पकवानवाल्यानं डाळ घातलेला पकवान साहेबांच्या हातात कोंबला, “साईं, मेरा भी खाओ, सब के सामने!” साहेबांनी तोही खाल्ला. रागानं खाल्ला, पण खाल्ला.

टांग्यात मी तोंड मिटून बसलो. माझ्या बोलण्याचा पुरेसा उपयोग झाला होता. रेल्वेचं फाटक आलं तेव्हा साहेब म्हणाले, “तीस वर्षांत ठेकेदारांना जमलं नाही ते तुम्ही एका वाक्यात केलंत. मला खाणारा केलंत.” थोड्या वेळानं : “कारकून, ती डोडी आपल्याकडे खरंच उगवत नसेल का हो?” आणि त्यानंतर घर येईपर्यंत ते नीरेतल्या पाण्यावरून सरकारला शिव्या देत होते, तेव्हा मला बरं वाटलं.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. माझ्या हिंदीपासून. ती हसली नाही. म्हणाली, “म्हणजे त्यांना गिळता येतं तर!” आणि पुढच्या रविवारी, साहेब पळी घेऊन दारात उभे राहिले तेव्हा, तिनं पळी नुसती बाजूला केली आणि पाट मांडला. “बसा. जेवूनच जायचं.”

साहेब मोरीकडे बघत उभे राहिले. मग बसले. आमटी-भात कालवला, घास घेतला, डोळे मिटले. मी तांब्या हातात धरून तयारीत होतो. त्यांनी गिळला. तेव्हा मीही तांब्या ठेवून शेजारी जेवायला बसलो. साहेबांनी सगळं पान संपवलं. बायको निकालासाठी पदर खोचून उभी होती. चिंच त्या आठवड्यात मुद्दाम नवी आणली होती.

“छान,” साहेब म्हणाले. “छान झाली होती आमटी, सूनबाई.” बस्स एवढंच. चिंच नाही, गूळ नाही, काही नाही. हात धुतले आणि जिना चढून वर गेले.

बायकोनं आपलं पान वाढून घेतलं. पहिल्या घासालाच तिचा हात थांबला. तिनं वर जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“अहो, आमटीत मीठ नाहीये. घालायचंच विसरले मी. आणि ते छान म्हणाले!” तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते रागाचं की कशाचं ते मला कळलं नाही. “तीस वर्षांत कुणासाठी खोटं बोलले नाहीत, आणि माझ्या अळणी आमटीसाठी बोलले.” मग पदरानं तिनं डोळे पुसले आणि एकदम माझ्यावर भडकली, “त्यांचं सोडा, त्यांनी माझं मन राखलं. तुम्ही दोनदा मागून घेतलीत, तुम्हाला काय झालं होतं?”